नव्या स्ट्रक्चरल इंजिनिअरसाठी: आर्किटेक्टच्या प्लॅनपासून बांधलेल्या सळईपर्यंत

पदवी घेऊन स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या कार्यालयात रुजू झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच टेबलावर एखाद्या निवासी इमारतीचा प्लॅन येतो आणि ‘याचे फ्रेमिंग (कॉलम-बीमची मांडणी) करून दाखवा’ एवढेच सांगितले जाते. कॉलेजात बीमवरचा भार प्रश्नातच दिलेला असायचा. इथे तो किती, कुठून येतो आणि कुठे जातो हे शोधण्यातच अर्धे काम असते, आणि नेमके तेच कोणी शिकवलेले नसते. तळमजला अधिक तीन मजले अशी पुण्यातली आरसीसी इमारत समोर ठेवून मी हा क्रम लिहितो आहे. मोठ्या इमारतींत यापेक्षा बरेच काही अधिक लागते, पण क्रम हाच राहतो.

सुरुवातीला जवळ काय असावे

आर्किटेक्टचे सर्व मजल्यांचे प्लॅन, किमान दोन सेक्शन आणि एलिव्हेशन मागून घ्या. सेक्शनशिवाय काम सुरू करू नका. टॉयलेटचा सनकन (खाली उतरवलेला) स्लॅब किती खोल आहे, जिन्याच्या लँडिंगखाली डोक्याला जागा राहते का आणि पाण्याची टाकी नेमकी कुठे बसते, हे सेक्शनवरच कळते. त्यासोबत माती परीक्षणाचा अहवाल, भिंती विटांच्या की एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या याचे लेखी उत्तर आणि लिफ्ट असेल तर तिच्या पिटचे माप हवे.

संहितांपैकी आयएस ४५६ (२०००, काँक्रीट), आयएस ८७५ चे भाग १, २ व ३ (भार), आयएस १८९३ भाग १ (भूकंपाचा भार) आणि आयएस १३९२० (भूकंपासाठी सळईचे तपशील) रोज लागतील. एसपी १६ चे तक्ते आणि तपशिलांसाठी एसपी ३४ हाताशी ठेवा. या लेखातील भूकंपविषयक आकडे १८९३ आणि १३९२० च्या २०१६ च्या आवृत्त्यांतले आहेत. तुमच्या प्रकल्पाला कोणती आवृत्ती आणि कोणत्या दुरुस्त्या लागू आहेत, हे भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर पाहून डिझाइन बेसिसच्या पहिल्या पानावर लिहा. कार्यालयातल्या जुन्या एक्सेल शीटवर विसंबू नका, कारण शीट बनवणारा नोकरी सोडून गेलेला असतो आणि तिच्या आत कोणती आवृत्ती दडली आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

१. संगणक उघडण्याआधी भाराची वाट काढा

प्लॅनची छापील प्रत घ्या, पेन्सिल घ्या आणि प्रत्येक मजल्यावर एकाच जागी येऊ शकतील असे कॉलम मांडा. पार्किंगमधली गाडीची वाट, वरच्या मजल्यावरचा हॉल आणि गच्चीवरची टाकी या तिन्ही ठिकाणी तो कॉलम कोणाच्या पायात येत नाही ना, हे पाहा. मग स्लॅबचा भार कोणत्या बीमवर, तो बीम कोणत्या बीमवर किंवा कॉलमवर, आणि कॉलम जमिनीपर्यंत सलग जातो का, असे बाण काढत खाली या. बाण जिथे अडेल तिथे फ्रेमिंग चुकले आहे.

बीमवर उभा केलेला कॉलम, म्हणजे फ्लोटिंग कॉलम, नव्या माणसाला फार सोयीचा वाटतो. भूकंपात तोच सर्वांत घातक ठरतो, म्हणून तो टाळण्यासाठी आर्किटेक्टशी याच टप्प्यावर बोला. पेन्सिलीच्या रेघा असताना कॉलम अर्धा मीटर सरकवायला एक फोन पुरतो. मंजुरीचे नकाशे महापालिकेत गेल्यावर त्याच बदलासाठी महिना जातो.

कॉलमची लांब बाजू कोणत्या दिशेला ठेवायची तेही इथेच ठरवा. सगळे कॉलम एकाच दिशेने लांब ठेवले तर दुसऱ्या दिशेने इमारत लवचिक राहते. आर्किटेक्ट बहुधा २३० मिमी रुंदीचा कॉलम भिंतीत लपवायला सांगतील आणि महाराष्ट्रात तसे वर्षानुवर्षे होत आले आहे, परंतु आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची किमान बाजू ३०० मिमी आहे, आणि त्यातून जाणाऱ्या बीमच्या सळईच्या व्यासाशीही ते माप बांधलेले आहे. कॉलमचा कोपरा खोलीत ७० मिमी दिसेल, हे नम्रपणे पण ठामपणे सांगायला शिका.

२. भार स्वतः, कागदावर काढा

१२५ मिमी जाडीच्या स्लॅबचे स्वतःचे वजन ०.१२५ × २५, म्हणजे सुमारे ३.१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. फरशी व खालचे प्लास्टर मिळून मी १.२५ धरतो. राहत्या खोल्यांसाठी चल भार (माणसे, सामान) २, जिना आणि पॅसेजसाठी ३, बाल्कनीसाठी किमान ३ आणि ये-जा असलेल्या गच्चीसाठी १.५, हे आकडे आयएस ८७५ भाग २ मधले आहेत.

नवख्यांकडून सर्वाधिक सुटणारा भार सनकन टॉयलेटचा असतो. ३०० मिमी खोलीत विटांचे तुकडे भरले की चौरस मीटरमागे सुमारे ५ किलोन्यूटन वाढतात. राहत्या खोलीच्या चल भाराच्या अडीचपट वजन तिथे कायमचे बसते. गच्चीवरचे वॉटरप्रूफिंग आणि उतारासाठीचा कोबा हाही असाच विसरला जाणारा भार आहे.

भिंतींचे गणित तर इमारतीचे भवितव्य ठरवते. २३० मिमी विटांची, २.६ मीटर उंचीची भिंत बीमवर मीटरमागे सुमारे १२ किलोन्यूटन टाकते. १५० मिमी एएसी ब्लॉकची तेवढीच भिंत प्लास्टर सोडून ३ च्या आसपास येते. माझ्या सुरुवातीच्या एका कामात डिझाइन ब्लॉक धरून झाले होते आणि दुसऱ्या मजल्यावर ब्लॉक वेळेवर मिळेनात म्हणून ठेकेदाराने विटा लावायला घेतल्या. साइटवर कोणालाही त्यात वावगे वाटले नाही, कारण ड्रॉइंगवर भिंतीचा प्रकार कुठेच लिहिलेला नव्हता. काम थांबवून पुन्हा गणित करावे लागले. तेव्हापासून ‘हे डिझाइन अमुक जाडीच्या एएसी ब्लॉकसाठी आहे, भिंत बदलायची असल्यास लेखी परवानगी घ्यावी’ ही ओळ माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर असते.

३. मापे अंदाजाने ठरवा

गाळा (दोन आधारांमधले अंतर) आणि खोली (वरपासून खालपर्यंतचे माप) यांच्या गुणोत्तरावरून सुरुवात करा: कॅन्टिलिव्हरसाठी, म्हणजे एकाच टोकाला आधार असलेल्या भागासाठी, ७, साध्या आधारावरच्या भागासाठी २० आणि सलग भागासाठी २६. सळईच्या प्रमाणानुसार यात सुधारणा गुणक येतो. साधारण ४ मीटरच्या दोन्ही दिशांनी वाहणाऱ्या स्लॅबला १२५ मिमी बहुधा पुरते. बीमसाठी मी गाळ्याचा बारावा भाग धरून सुरुवात करतो आणि मग दरवाजा-खिडकीच्या वर ती खोली बसते का ते पाहतो.

कॉलमचा अंदाज त्याच्या वाट्याला येणाऱ्या क्षेत्रफळावरून निघतो. समजा, एका आतल्या कॉलमकडे ४ मीटर × ४ मीटर क्षेत्र येते आणि भिंतींसकट मजल्याचा भार चौरस मीटरमागे १२ किलोन्यूटन आहे. चार स्लॅब धरले तर १६ × १२ × ४ = ७६८ किलोन्यूटन. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

४. भूकंप आणि ‘आर’चा अर्थ

आयएस १८९३ च्या २०१६ च्या नकाशात पुणे आणि मुंबई विभाग तीनमध्ये, म्हणजे झेड (विभाग गुणक) = ०.१६, आहेत; कोयनेचा परिसर विभाग चारमध्ये, म्हणजे ०.२४, आहे आणि नागपूर विभाग दोनमध्ये. ‘आपल्याकडे कुठे एवढा भूकंप होतो’ असे मालक म्हणतील. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप याच राज्यातले आहेत. किल्लारीचा भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता, हे त्यांना शांतपणे सांगा.

आपल्या इमारतीची उंची १२ मीटर आणि त्या दिशेची लांबी १० मीटर असेल, तर विटांच्या भिंती धरून दोलनकाल ०.०९ × १२ ÷ √१० = ०.३४ सेकंद येतो. एवढ्या कमी काळाला एसए/जी (दोलनकालानुसार मिळणारा प्रवेग गुणांक) २.५ मिळते. महत्त्व गुणक १ आणि आर (आडवा भार कमी करणारा भाजक) = ५ धरला तर ०.१६/२ × १/५ × २.५ = ०.०४, म्हणजे इमारतीच्या भूकंपीय वजनाच्या ४ टक्के आडवा भार.

इथे थांबून विचार करा. आर = ५ लिहिल्याने आडवा भार पाच पटींनी कमी झाला तो फुकट मिळालेला नाही. इमारत न कोसळता वाकेल, तिच्या बीमच्या टोकांना रिंगा (मुख्य सळयांभोवतीची बंद वळी) जवळजवळ असतील आणि कॉलम बीमपेक्षा बलवान असतील, हे वचन देऊन आपण तो कमी केला आहे. आयएस १३९२० चे तपशील म्हणजे त्या वचनाची फेड. आर पाच धरायचा आणि रिंगा ९० अंशांत वाकवू द्यायच्या, हे मी कार्यालयांत पाहिले आहे. संगणकाचा अहवाल अशा इमारतीलाही पास म्हणतो.

५. मॉडेल करा, पण त्याच्याकडून हिशेब मागा

सॉफ्टवेअर ईटॅब्स असो वा स्टॅड, क्रम सारखाच. कॉलम, बीम, स्लॅब, मग भार, मग भारांच्या जोड्या: १.५ (स्थिर + चल), १.२ (स्थिर + चल ± भूकंप), १.५ (स्थिर ± भूकंप) आणि ०.९ स्थिर ± १.५ भूकंप. भूकंपाच्या विश्लेषणात बीमची जडता ०.३५ आणि कॉलमची ०.७ पट धरायची असते. हे राहून गेले तर इमारत असते त्यापेक्षा ताठ दिसते.

निकाल पाहण्याआधी तीन गोष्टी करा. पहिली, केवळ स्थिर भारासाठी पायथ्याच्या सर्व प्रतिक्रियांची बेरीज घ्या आणि हाताने काढलेल्या इमारतीच्या वजनाशी ताडून पाहा; पाच-सात टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर एखादा भार सुटला आहे किंवा दोनदा लागला आहे. दुसरी, वहीतला ७६८ चा आकडा त्या कॉलमच्या स्थिर आणि चल प्रतिक्रियेशी जुळवा. तिसरी, इमारतीच्या हालचालीचे ॲनिमेशन चालवा. एखादा बीम एकटाच झोक्यासारखा हलत असेल तर तो कॉलमला जोडलेलाच नाही, दोन नोड (जोडबिंदू) एकमेकांशेजारी काही मिलिमीटरवर बसले आहेत. ही चूक आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही, डोळ्यांना लगेच दिसते.

६. एक भाग संपूर्ण हाताने करा: बाल्कनी

मी शिकवताना बाल्कनीच निवडतो, कारण तिला दुसरा आधार नसतो. साधा स्लॅब चुकला तर तो आधी खाली वाकतो, तडे दाखवतो आणि सावध करतो. बाल्कनी तेवढी सवड देत नाही.

बाहेर आलेली लांबी १.२ मीटर, जाडी १५० मिमी, काँक्रीट एम२५, सळई एफई५००. २० मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि १० मिमीची सळई धरली तर प्रभावी खोली, म्हणजे स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागापासून सळईच्या मध्यापर्यंतचे माप, १२५ मिमी. स्वतःचे वजन ३.७५, फरशी १.२५ आणि चल भार ३ मिळून ८, १.५ ने गुणून १२ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. त्याचा मोमेंट (वाकवणारा परिणाम) १२ × १.२² ÷ २ = ८.६४. टोकाला १ मीटर उंचीची १०० मिमी विटांची कठड्याची भिंत प्लास्टरसह मीटरमागे २.५ किलोन्यूटन असेल, तर तिचा मोमेंट १.५ × २.५ × १.२ = ४.५. एकूण सुमारे १३.१ किलोन्यूटन-मीटर. मोमेंटचा एक तृतीयांश भाग त्या बारीक कठड्याचा आहे, हे लक्षात घ्या. चल भाराच्या तक्त्यात डोके घालून बसलेला माणूस कठडा हमखास विसरतो.

यासाठी मीटर रुंदीत सुमारे २५२ चौ. मिमी पोलाद लागते, म्हणजे १० मिमी सळई ३०० मिमी अंतरावर ठेवली (२६२ चौ. मिमी) तरी कागदावर भागते आणि क्षमता १३.६ येते. आता साइटवर या. ही सळई स्लॅबच्या वरच्या बाजूला असते, कारण कॅन्टिलिव्हरमध्ये ताण वर असतो. काँक्रीटची पाटी घेऊन माणसे तिच्यावरून चालतात. खाली खुर्च्या (सळईला वर धरून ठेवणारे आधार) नसतील तर ती ४० मिमी सहज दबते. प्रभावी खोली ८५ मिमी उरते आणि क्षमता ९.१ वर येते. एक तृतीयांश बळ बुटांखाली गेले, आणि वरून काँक्रीट पडल्यावर ते कोणालाही दिसणार नाही.

म्हणून मी इथे १० मिमी सळई १५० मिमी अंतरावर देतो. दबलेल्या अवस्थेतही क्षमता १६.९ राहते आणि वाकण्याची तपासणीही सहज सुटते. आतल्या स्लॅबमध्ये ती सळई बाल्कनीच्या लांबीच्या किमान दीडपट न्यावी, म्हणजे इथे १.८ मीटर. बाल्कनीमागे टॉयलेटचा सनकन स्लॅब असेल तर सळईला मागे जायला जागाच नसते. तिथे बाल्कनी स्लॅबवर न सोडता कॅन्टिलिव्हर बीमवर घ्या.

७. बीम आणि कॉलमचे तपशील

एम२५ काँक्रीट आणि एफई५०० सळईसाठी ताणातली डेव्हलपमेंट लेंथ (सळई काँक्रीटमध्ये पक्की धरली जाण्यासाठी लागणारी लांबी) व्यासाच्या ४९ पट येते, एम२० ला ५७ पट. कार्यालयात सर्रास ‘५० डी’ म्हटले जाते; एम२० असेल तर ते कमी पडते.

बीमच्या दोन्ही टोकांना, खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत, रिंगांचे अंतर प्रभावी खोलीच्या चौथ्या भागापेक्षा आणि १०० मिमीपेक्षा जास्त नको. रिंगेचे हूक १३५ अंशांत आत वळलेले असावेत. कॉलमचा लॅप (खालच्या-वरच्या सळयांचा जोड) मजल्याच्या मधल्या अर्ध्या उंचीत घ्यावा. साइटवर मात्र तो स्लॅबच्या लगेच वर घेण्याची जुनी सवय आहे, कारण सळई तिथेच उभी करायला सोपी पडते. भूकंपात कॉलमवर सर्वाधिक मोमेंट नेमका तिथेच येतो. ड्रॉइंगवर लॅपची उंची मापासह दाखवा, नुसती टीप पुरत नाही.

किनारपट्टीवर, रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याकडे काम असेल तर किनारी हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी किमान एम३० आणि ४५ मिमी कव्हर लागते. पुण्याचे ड्रॉइंग नाव बदलून तिकडे पाठवू नका.

८. पाया

फुटिंगचे क्षेत्रफळ गुणक न लावलेल्या भाराने काढतात, कारण मातीची सुरक्षित धारणक्षमता आधीच सुरक्षा धरून दिलेली असते. आपला कॉलम: ७६८ मध्ये फुटिंगच्या वजनासाठी १० टक्के मिळवले की ८४५. कठीण मुरमासाठी अहवालात २५० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर दिले असेल, तर ३.४ चौरस मीटर, म्हणजे साधारण १.८५ मीटरचा चौरस. जाडी आणि सळई मात्र १.५ ने गुणलेल्या भारासाठी. बहुतेक वेळा जाडी पंचिंग शिअरवर (कॉलम फुटिंगमधून आरपार घुसण्याच्या धोक्यावर) किंवा एकदिश शिअरवर ठरते.

काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्यातून खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. माती परीक्षण दोन बोअरवर भागवलेले असेल, तर खोदाई झाल्यावर प्रत्येक खड्ड्याचा तळ स्वतः पाहून मगच पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट) टाकू द्या.

९. ड्रॉइंग फिटरसाठी काढा

तुमचा अहवाल बहुधा कोणी वाचणार नाही. ड्रॉइंग मात्र फिटर (सळई बांधणारा कारागीर) उन्हात, धुळीने मळलेल्या प्रतीवरून वाचेल. बीमच्या तक्त्यात एकसारखे बीम एका गटात आणा, एका इमारतीत सळईचे चार-पाचच व्यास वापरा आणि वरची सळई, खालची सळई, एक्स्ट्रा बार यांची लांबी मापात लिहा, ‘एल/४’ असे लिहून सोडू नका. बीम-कॉलमच्या सांध्याचा एक तरी तपशील १:१० मध्ये काढून पाहा. ३०० मिमीच्या कॉलमला दोन बाजूंनी बीम येतात तेव्हा सळया एकमेकींत अडकतात, व्हायब्रेटरची सुई आत जात नाही आणि सांधा पोकळ राहतो. हे कागदावर कळले तर सळईचा व्यास किंवा बीमची रुंदी बदलता येते.

प्रत्येक बदलाला आवृत्ती क्रमांक आणि तारीख द्या, बदललेल्या जागेभोवती ढगाच्या आकाराची रेघ काढा आणि जुनी प्रत साइटवरून परत मागवा. दोन आवृत्त्या एकाच साइटवर फिरत असतील तर चुकीचीच वापरली जाते, असा माझा अनुभव आहे.

१०. काँक्रीटच्या आदल्या दिवशी साइटवर जा

सळई तपासणीला टेप, ड्रॉइंगची ताजी प्रत, खडू आणि फोनचा कॅमेरा न्या. काँक्रीटच्या दिवशी सकाळी जाऊ नका. तेव्हा मिक्सरच्या गाड्या निघालेल्या असतात आणि चूक दाखवली तरी ती दुरुस्त करायला कोणाला वेळ नसतो.

सुरुवात बाल्कनीपासून करा. वरच्या सळईवर स्वतः उभे राहा. ती पायाखाली वाकली तर खुर्च्या कमी आहेत; मीटरभर अंतराने तरी हव्यात आणि त्या सळईच्याच वाकवलेल्या हव्यात, विटेचे तुकडे चालणार नाहीत. मग कॉलमच्या रिंगा सांध्यातही घातल्या आहेत का पाहा. बीम वरून खाली बसवताना त्या अडचणीच्या ठरतात, म्हणून तिथल्याच वगळल्या जातात. कव्हर ब्लॉक, लॅपची जागा, बीममधून मनाने फोडून नेलेले प्लंबिंगचे पाइप, इलेक्ट्रिकच्या पाइपांचा कॉलमजवळ झालेला गुंता, हे सर्व फोटोसह नोंदवा आणि त्याच दिवशी ठेकेदार व मालक दोघांनाही लेखी कळवा. फिटरशी बोला. त्याला ‘ही सळई वर का’ हे पाच मिनिटे समजावून सांगितलेत, तर पुढच्या तीन मजल्यांवर तो ती स्वतःच सांभाळेल. मला हे अनेकदा दिसले आहे.

सेंट्रिंग काढण्याचे दिवस ड्रॉइंगवरच लिहून द्या. आयएस ४५६ नुसार ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्यांचे १४ दिवस, ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि त्याहून मोठ्यांचे २१ दिवस ठेवायचे असतात. हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे आहेत. फ्लाय ॲश असलेले सिमेंट वापरले असेल तर काँक्रीटच्या क्यूबच्या चाचणीचा निकाल पाहूनच परवानगी द्या. बाल्कनीचे टेकू टोकाकडून सुरू करून भिंतीकडे काढत यायचे, आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबचे टेकू त्याच बाल्कनीवर उभे असतील तर खालचे तोवर हलवायचे नाहीत, हेही तिथेच, मोठ्या अक्षरांत लिहा.